आमच्या व्हरांड्यातला पानओवा



सातवीच्या वर्गाबाहेर खांबाजवळ जी कुंडी आहे, तीत पानओवा आहे. येता-जाता त्याचे पान चुरगळून वास घेतला नाही असा मुलगा शाळेत सापडणार नाही. (पाने तोडणारेही आहेत. त्यांची नावे इथे लिहीत नाही.)

पुष्कळांना वाटते की डब्यातला ओवा याच झाडाचा. पण तसे नाही. तो ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला आणि पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. वास तेवढा सारखा, कारण दोघांच्या तेलात सारखी द्रव्ये असतात. याचे शास्त्रीय नाव इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून पडले आहे. घरी आपण याच्या पानांची बेसनात बुडवून भजी करतो, खोकल्याला काढा करतो.

पान हाताला मखमलीसारखे लागते, कारण त्यावर बारीक लव असते. या लवेमुळे वारा पानाला थेट लागत नाही आणि आतले पाणी लवकर उडत नाही. पान जाडही असते. म्हणजे हे झाड पाणी साठवून ठेवणारे आहे. हे मला आधी कळले असते तर पुढचे झाले नसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंनी ही कुंडी माझ्याकडे दिली होती. मी ती ओटीवर ठेवली. सारवलेली जमीन ओली होऊ नये म्हणून खाली एक थाळी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागले, तेही पानांवरून. आठ-दहा दिवसांत पाने मलूल झाली. मला वाटले तहान लागली, म्हणून दुपारीही पाणी दिले. मग खालची पाने पिवळी होऊन गळाली. आजीने मातीत बोट घातले आणि म्हणाली, "अगो, हे तहानलेलं नाही, बुडतंय!" उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजली होती. घाण वास येत होता. थाळीत साठलेले पाणी खालून आत जात होते. मी खूप रडले. झाड वर्गाचे होते ना!

आजीने तीन शेंडे कापले, जे अजून टणक होते. एकेक चार बोटे लांब. खालची पाने काढून ते एक दिवस सावलीत सुकू दिले, म्हणजे कापलेली जागा कुजत नाही. मग माती आणि नदीची वाळू निम्मी निम्मी घेऊन त्यात लावले. पुळणीवरची वाळू आणू नका, ती खारट असते. विहिरीचे पाणीही वैशाखात मचूळ होते, त्याने मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. आम्ही नळाचे पाणी घातले. दोन आठवड्यांनी हळूच ओढून पाहिले, तर फांदी सुटेना. मुळे धरली होती!

आता मी बोट घालून पाहते. दोन पेरे माती कोरडी लागली तरच बुडाशी पाणी. सकाळचे ऊन हवे. काळोखात ठेवले तर फांद्या लांबच लांब लोंबतात आणि पाने विरळ होतात. तसे झाले की शेंडे खुडावेत, बाजूने फूट येते. आपल्या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून जूनपासून कुंडी पागोळ्यांखाली नको.

शाळा उघडली तेव्हा बाईंनी विचारले, "झाड लहान कसं झालं?" मी म्हटले, "छाटलं." ते अर्धेच खरे होते. खांबाजवळचे झाड जुने नाही, त्याच्या तीन फांद्यांचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कुंडी कोणाकडे जाणार हे अजून ठरायचे आहे. ज्याच्याकडे जाईल त्याने खाली थाळी ठेवू नये.