घरच्या संगणकावर संकेतस्थळ : अडचण पत्त्याची

मंडळाच्या जुन्या स्मरणिका घरच्याच संगणकावरून दाखवाव्यात म्हणून अपाची हे मोफत सॉफ्टवेअर टाकले. घरात पाने दिसली. पुण्याच्या भाचीला मात्र काहीच दिसेना. राउटरमध्ये पाहिले, तर बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. सोसायटीचे नाव आहे, फ्लॅट क्रमांक नाही. पोस्टमन जाणार कुठे? अशा वेळी कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा, त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. मग राउटरमध्ये ४४३ क्रमांकाचे पोर्ट आपल्या संगणकाकडे वळवायचे. मात्र सभासदांची यादी, पासबुकांच्या प्रती त्या संगणकावर अजिबात नकोत. त्यासाठी जुना, रिकामा संगणक घ्यावा. आणि हो, इन्व्हर्टरला राउटरही जोडा!