व्यक्तिगत समुपदेशन : अपेक्षा आणि मर्यादा

रुग्णालयाच्या बहुतेक विभागांचे काम समजावून सांगण्याची गरज पडत नाही. क्ष-किरण यंत्र, प्रसूतिगृह किंवा शस्त्रक्रियागृह पाहणाऱ्या देणगीदारास आपल्या देणगीचा विनियोग प्रत्यक्ष दिसतो. समुपदेशन कक्षाची गोष्ट निराळी आहे. तेथे दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि लोटून घेता येणारे दार याखेरीज दाखविण्याजोगे काही नाही. त्यामुळे ‘येथे नेमके चालते तरी काय?’ अशी पृच्छा विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक असे तिघेही करतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राचा अधिकार सांगत नाही. प्रशासक या नात्याने जे समजून घेणे आवश्यक ठरले, ते येथे क्रमाने मांडले आहे.

दोन गैरसमज

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि पहिला गैरसमज तेथूनच सुरू होतो. कोणी जाणता माणूस समोर बसवून चार हिताच्या गोष्टी सांगेल, मुलाला अभ्यासाला लावील, सुनेला समज देईल, घरधन्याची दारू सोडवील, अशी अपेक्षा बाळगून कुटुंबे येतात. वस्तुतः उपदेशाची गावात वाण नाही. कक्षात येणाऱ्या व्यक्तीने तो आधीच भरपूर ऐकलेला असतो. समुपदेशनात बोलण्याचा मोठा वाटा येणाऱ्या व्यक्तीचा असतो. समुपदेशक ऐकतात, प्रश्न विचारतात, एकात एक गुंतलेल्या अडचणी वेगवेगळ्या करून पाहण्यास साहाय्य करतात आणि त्यांपैकी कोणती आज हाताळता येईल याचा विचार सोबत करतात. निर्णय मात्र त्या व्यक्तीचाच असतो.

दुसरा गैरसमज वेडाविषयीचा आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालापासूनचे आहे. या भागातील कित्येक पिढ्यांना मनाच्या आजाराची ओळख त्या एकाच संस्थेच्या नावाने झाली. तेथील चौकास आजही लोक ‘पागलखाना चौक’ म्हणूनच ओळखतात. साहजिकच, डॉक्टरांनी समुपदेशनाची चिठ्ठी दिली की ‘मी काय पागल आहे का जी?’ असा प्रश्न येतो. समुपदेशन ज्यांच्यासाठी असते ती माणसे आपल्या अवतीभवतीचीच असतात. दिवसभर सातऱ्यावर मिरची खुडून थकल्यावरही रात्रभर डोळ्याला डोळा न लागणारी बाई, पीक हातचे गेल्यावर घरात कोणाशी न बोलणारा शेतकरी, बाळंतपणानंतर विनाकारण रडू येणारी सून, परीक्षा जवळ आली की पोट दुखणारा विद्यार्थी, ही त्यांची उदाहरणे. यांपैकी बहुतेक जण मनाची तक्रार घेऊन येतच नाहीत. डोके जड होते, जीव घाबरतो, अंगात त्राण नाही, असे सांगत ते बाह्यरुग्ण विभागात येतात.

पहिली भेट

पहिल्या भेटीस साधारणतः पाऊण ते एक तास लागतो. त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, घरात कोण कोण आहे, कामधंदा कसा चालला आहे, व्यसन आहे काय, जीव नकोसा वाटतो काय, हे प्रश्न विचारले जातात. शेवटचा प्रश्न ऐकून नातेवाईक दचकतात. परंतु असे विचारल्याने तो विचार मनात नव्याने रुजत नाही. उलट, आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट बोलण्याची मुभा मिळाल्याने पुष्कळांना हलके वाटते.

याच भेटीत काही वेळा शारीरिक तपासणीचा सल्ला दिला जातो. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांमुळेही थकवा आणि उदासी येऊ शकते, म्हणून ती शक्यता तपासणे आवश्यक असते. भास होणे, अतिसंशय, अनेक दिवस अन्न वा झोप नसणे अशी लक्षणे दिसल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले जाते. समुपदेशक औषधे लिहून देत नाहीत आणि चालू असलेली औषधे थांबवीतही नाहीत. रुग्णांनीही बरे वाटू लागताच गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पहिल्या एकदोन भेटींनंतर काहींना बरे वाटण्याऐवजी अधिक अस्वस्थ वाटते. दाबून ठेवलेले दुःख बोलण्यातून वर आल्याचा तो परिणाम असू शकतो. अशा वेळी येणे थांबविण्याऐवजी पुढील भेटीत ते मोकळेपणाने सांगावे.

किती भेटी, किती गुण?

‘एका बैठकीत काम होईल ना?’ असे विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातील एका अनुभवातून देता येईल. ‘संगथ’ या संस्थेने गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी अल्प मुदतीची समुपदेशन पद्धत राबविली. तिचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. ती स्थानिक, प्रशिक्षण दिलेली माणसे होती आणि एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांचा दर्जा तपासला जाई. भेटी ६ ते ८, प्रत्येक भेट सुमारे अर्ध्या-पाऊण तासाची. भर एका साध्या सूत्रावर होता. उदास माणूस एकेक काम सोडत जातो आणि काम सुटल्याने अधिक उदास होतो. म्हणून झेपेल एवढे एखादे काम ठरवून पुन्हा सुरू करावयाचे, त्याचा मनावर काय परिणाम झाला हे पुढील भेटीत पाहावयाचे आणि मग पुढचे काम ठरवावयाचे.

तीन महिन्यांनी पाहता, डॉक्टरांच्या उपचाराबरोबर समुपदेशनही मिळालेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ डॉक्टरांचा उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते. हिशेबाची सवय असलेल्या माणसास यात दोन गोष्टी दिसतात. एक, फरक मोठा आहे. दोन, समुपदेशन घेऊनही १०० पैकी ३६ जण त्या मुदतीत पूर्ण बरे झालेले नव्हते. तेव्हा समुपदेशनाने हमखास गुण येतो असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. त्याने काहीच होत नाही, असे म्हणणेही तितकेच चूक ठरेल.

म्हणून येथे येणाऱ्यांनी काही आठवडे नियमित येण्याची तयारी ठेवावी, ठरविलेले छोटे काम घरी करून पाहावे आणि तीन-चार भेटींनंतर ‘मला फरक पडत आहे का?’ हे समुपदेशकांना स्पष्ट विचारावे. सूर जुळत नसल्यास दुसरे समुपदेशक मागण्यात संकोच नसावा. भेटी कधी थांबवावयाच्या हेही दोघांनी मिळून ठरवावे.

अडचण बहुधा त्याआधीची, म्हणजे येण्याचीच असते. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबविण्यात आला. त्याच्या आरंभी नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक कोणाची मदत घेत होते. गावातच लोकांशी बोलणारे कार्यकर्ते मिळाल्यावर १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. वाढ सहापटीहून अधिक होती, तरीही निम्म्याहून कितीतरी जास्त लोक मदतीवाचून राहिले, हे या आकड्यांतच दिसते.

कक्षातील बोलणे कोणाचे?

भेट संपताच दाराशी थांबलेले नातेवाईक विचारतात, ‘काय म्हणाला तो आतमध्ये, सांगा नं जी.’ त्यामागे काळजी असते, हे आम्ही जाणतो. तरीही समुपदेशक सांगत नाहीत आणि त्यांनी सांगू नये, असाच रुग्णालयाचा नियम आहे. भिवापूरसारख्या गावात कोण कोणाकडे गेले हे सायंकाळपर्यंत बाजारात कळते. कक्षात बोललेले एक वाक्य जरी घरी वा गावात पोचले, तरी ती व्यक्ती पुन्हा येणार नाही आणि तिच्याकडे पाहून आणखी चौघे येण्याचे टाळतील.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आमच्या कक्षात आजाराचे निदान झालेले नसलेल्या व्यक्तीसही तोच नियम लावला जातो. या हक्कास मर्यादित अपवाद आहेत. जीवास धोका असणे, दुसऱ्या कोणास इजा होण्याचा संभव असणे, उपचार करणाऱ्या अन्य तज्ज्ञांस आवश्यक माहिती देणे, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस त्याच्या कर्तव्यापुरती माहिती देणे, न्यायालयाचा आदेश, असे हे अपवाद होत. ते रुग्णास पहिल्याच भेटीत सांगितले जातात.

हाच नियम विश्वस्तांना आणि देणगीदारांनाही लागू आहे. समुपदेशनाने बरे झालेल्या एखाद्या रुग्णाची हकीकत नाव बदलून छापावी, अशी सूचना सद्भावनेने केली जाते. गाव, वय, पीक आणि घरातील माणसे एवढे सांगितले की नाव बदलूनही येथील वाचक ती व्यक्ती ओळखतो. म्हणून या अहवालात अशी हकीकत नाही. सार्वजनिक न्यास म्हणून आपले हिशेब लेखापरीक्षकांपुढे आणि धर्मादाय कार्यालयापुढे उघडे असतात. समुपदेशनावर किती खर्च झाला, मानधन किती, प्रशिक्षण किती, हे विचारण्याचा देणगीदारांस पूर्ण अधिकार आहे. रुग्णांच्या नोंदी मात्र त्या अधिकाराच्या बाहेर आहेत.

कुटुंबीयांनी काय करावे?

भेटीच्या दिवशी त्या व्यक्तीच्या वाट्याचे काम दुसऱ्याने उचलावे, येण्याजाण्याची सोय करावी आणि परतल्यावर चौकशी न करता सोबत जेवावयास बसावे. ‘मन खंबीर कर’, ‘दुसऱ्यांचे बघ, त्यांना किती दुःख आहे’ असे बोलणे टाळावे. कुटुंबीयांस स्वतःचे काही सांगावयाचे असल्यास रुग्णाच्या संमतीने एकत्र भेट ठरविता येते, किंवा त्यांना स्वतःसाठी वेगळी वेळ घेता येते.

कोणी मरणाची भाषा बोलू लागल्यास ती ‘नुसती धमकी’ समजू नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, शेतातील कीटकनाशके तिच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत आणि तिला तत्काळ रुग्णालयात आणावे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबविण्याचे तर मुळीच कारण नाही. २०१७ च्या अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी ठरविली आहे. अशा प्रयत्नास सरसकट शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज भासल्यास ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठीतून बोलता येते.

समुपदेशनासाठी दिलेल्या देणगीतून मानधन, प्रशिक्षण आणि वेळ विकत घेतला जातो. त्यावर नावाची पाटी लावण्याजोगी वस्तू त्यातून उभी राहत नाही. हे जाणूनही ज्यांनी साहाय्य केले त्यांचे रुग्णालय मनःपूर्वक आभारी आहे. आपल्या घरात, शेजारात वा कामाच्या ठिकाणी कोणी गेले काही आठवडे गप्प गप्प राहत असेल, तर त्यांना एकदा सोबत घेऊन यावे, ही नम्र विनंती. नोंदणीच्या खिडकीवर ‘समुपदेशन’ एवढेच सांगितले तरी पुरते. कारण विचारले जाणार नाही.