कॅमेरा आणि मासा यांच्यामधले पाणी

स्नॉर्केलिंग करताना काढलेली बहुतेक छायाचित्रे बिघडतात ती कॅमेरा आणि मासा यांच्यामधल्या पाण्यामुळे. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटर खोलीपर्यंत तो बराचसा नाहीसा होतो, मग नारिंगी आणि पिवळाही फिका पडतो. उरते ती हिरवट-निळी छटा. इथे मोजायची ती केवळ खोली नव्हे. पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत, असा प्रकाशाचा सगळा प्रवास धरावा लागतो. एक मीटर खोलीवरचा मासा चार मीटरांवरून टिपला तर तोही निळाच येतो.

म्हणून पहिला नियम जवळ जाण्याचा. शक्यतो मीटरभराच्या आत. झूम करून मासा मोठा दिसेल, पण मधले पाणी तेवढेच राहील. शिवाय प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यात वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ भासतात. हाताशी आला असे वाटणारा मासा प्रत्यक्षात बराच लांब असतो.

या कामासाठी खिशात मावणारा वॉटरप्रूफ कॅमेरा पुरतो. ऑलिंपसच्या टफ मालिकेतला, आता ओएम सिस्टम या नावाने विकला जाणारा टीजी-७ वेगळ्या कवचाशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो. स्नॉर्केलिंग करणारा क्वचितच तीन-चार मीटरांखाली जातो, त्यामुळे खोलीच्या मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. टीजी-७च्या मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून एका सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट टिपता येते. प्रवाळाची नक्षी घ्यायला हीच सोय सर्वांत कामाची. वॉटरप्रूफ म्हणवणाऱ्या फोनची गोष्ट निराळी. त्याची चाचणी सहसा गोड्या पाण्यात झालेली असते आणि टचस्क्रीन पाण्याखाली नीट ऐकत नाही.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत स्नॉर्केलिंग चालते. अंदमान किंवा लक्षद्वीपइतके पाणी तिथे नितळ नसते. त्यात तरंगणारे बारीक कण फ्लॅश टाकताच पांढरे ठिपके होऊन उमटतात, कारण छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटूनच असतो. तो बंदच ठेवावा. दुपारी वारा वाढून पाणी डहुळण्याआधी, ऊन चांगले वर आले की छायाचित्रे काढावीत आणि सूर्य पाठीशी ठेवावा. व्हाइट बॅलन्स पाण्याखालच्या मोडवर ठेवला की निळाई बरीच आटोक्यात येते. सोय असेल तर रॉ फाइलही घ्यावी, रंग मागाहून सुधारता येतात.

वरून काढलेल्या छायाचित्रात माशाची पाठ तेवढी दिसते आणि तो खडकात मिसळून जातो. श्वास रोखून थोडे खाली जाऊन समोरून किंवा किंचित खालून टिपावे. पाठलाग केला की मासा पाठ फिरवतो. एका जागी शांत तरंगत राहिले की कुतूहलाने तोच जवळ येतो. पाय मात्र प्रवाळावर टेकवू नयेत. ते जिवंत असते, सावकाश वाढते, आणि भारतात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

कॅमेरा हातातून सुटला तर बुडतो, म्हणून तरंगणारा पट्टा बांधावा. त्याहून नाजूक जागा म्हणजे बॅटरीचे झाकण. त्याच्या रबरी कडीवर वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी आत शिरते. झाकण होडीवर उघडूच नये. बाहेर आल्यावर कॅमेरा काही वेळ गोड्या पाण्यात बुडवून मीठ धुवून काढावे, कोरडा पुसावा आणि मगच झाकणाला हात लावावा.