नट किती आवळायचा

टेबलावर हातमोजे आधी येतात, हत्यारे नंतर. फ्युएल सेल जोडायला शिकणाऱ्याच्या पुढ्यात पहिल्यांदा मेंब्रेन, म्हणजे प्रोटॉनना वाट देणारा पातळ पडदा, ठेवतात, पण उघड्या बोटांनी त्याला हात लावू देत नाहीत. घामातले मीठ त्यात मुरले की सोडियम प्रोटॉनची वाट अडवून बसते आणि सेल मरगळतो. सरावासाठी नेहमी वापरले जाणारे नाफिऑन 212 हे मेंब्रेन जेमतेम 50 मायक्रॉन जाडीचे असते. त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमच्या कणांचा काळा थर, त्यावर कार्बनचा कागद, कडेने गॅस्केट आणि बाहेरून नागमोडी खाचा कोरलेल्या ग्रॅफाइटच्या प्लेट्स. एकीकडच्या खाचांतून हायड्रोजन वाहतो, दुसरीकडच्या खाचांतून हवा. त्यातून वीज, उष्णता आणि पाणी मिळते. ही करामत विल्यम ग्रोव्हने 1839 च्या सुमारास करून दाखवली होती, म्हणजे तत्त्व जुनेच आहे. अवघड आहे ती जोडणी.

भार टाकल्यावर असा एक सेल 0.6 ते 0.7 व्होल्ट देतो. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेलही याच्या दुप्पट देतो. म्हणून सेलवर सेल रचून स्टॅक बांधायचा. टोयोटाच्या नव्या मिराई मोटारीच्या स्टॅकमध्ये असे 330 सेल आहेत. हा सगळा थर दोन जाड प्लेट्समध्ये धरून लांब बोल्टांनी आवळतात आणि इथे शिकणाऱ्याची खरी परीक्षा लागते. नट समोरासमोरचे घ्यायचे, एका दमात न आवळता टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि दर वेळी टॉर्क रेंचचा आकडा बघायचा. जास्त आवळले तर ग्रॅफाइट तडकते, कार्बनचा कागद चेपला जाऊन वायूची वाट बुजते. सैल राहिले तर गळती होते, शिवाय प्लेट्स नीट न टेकल्याने वीज वाटेतच वाया जाते. पदवीच्या वर्गात प्रोटॉनचे गणित सोडवणारा इंजिनिअर या टेबलाशी आला की आयटीआयच्या फिटरकडे बघत बघत शिकतो. फिटरच्या मनगटाला ही भाषा आधीच येत असते.

मग गळतीची तपासणी. आत नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा आणि काटा उतरतो का ते बघायचे. जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडा जागा दाखवतो. हायड्रोजनला अजून प्रवेश नाही.

हायड्रोजनच्या सुरक्षेचा धडा म्हणजे बरेचसे जुने धडे विसरणे. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तिच्या गळतीचा शोधक जमिनीलगत बसवतात आणि गॅसवर काम केलेल्या माणसाची नजर आपसूक खाली जाते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका. त्याचा शोधक छताशी असतो, आणि माणसालाही वर बघण्याची सवय लावावी लागते. एलपीजीत वास घातलेला असतो. इथे तीही सोय नाही, कारण वासाच्या रसायनातले गंधक प्लॅटिनमची वाट लावते. हवेत 4 ते 75 टक्के इतक्या मोठ्या पट्ट्यात हा वायू पेटू शकतो, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. नासाच्या केंद्रांवर एके काळी माणसे लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालत. केरसुणी पेटली की आग कुठे आहे ते कळायचे!

डिझेल मेकॅनिकला आणखी एक गोष्ट पटवून द्यावी लागते. इंजिन बंद केले की बंद होते. स्टॅक मात्र बंद केल्यावरही आत उरलेल्या वायूवर व्होल्टेज धरून ठेवतो, आणि बसच्या स्टॅकमध्ये ते शेकडो व्होल्ट असू शकते. म्हणून आधी मीटर लावायचा, हात नंतर घालायचा.

शेवटी स्टॅक चालवून बघतात. भार हळूहळू वाढवत नेला की व्होल्टेज उतरत जाते आणि त्या उताराच्या आकारावरून दुखणे ओळखायचे. मेंब्रेन कोरडे पडले की प्रोटॉन अडखळतात. पाणी जास्त साठले की खाचा तुंबतात आणि हवा पोचत नाही. दोन्हींत वीज घटते, उपाय मात्र उलटे. हे वाचणे पुस्तकातून येत नाही, चारदोन स्टॅक बिघडवल्यावरच येते. आणि प्लॅटिनम लावलेले स्टॅक बिघडवायला देणारी संस्था मिळणे हीच मोठी अडचण आहे.

भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, तेव्हा 2030 पर्यंत सहा लाखांहून अधिक रोजगारांचा अंदाज दिला गेला. अशा आकड्यांवर डोळे झाकून अभ्यासक्रम काढू नयेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टार्क स्टेट कॉलेजने कॅम्पसमध्येच फ्युएल सेलचे केंद्र उभारले, तंत्रज्ञ घडवायला घेतले, शेजारी रोल्स-रॉइसची फ्युएल सेल कंपनी आली. 2012 मध्ये तिचा मोठा वाटा कोरियाच्या एलजीने घेतला, आणि ते दशक सरता सरता कंपनीने गाशा गुंडाळला. केवळ फ्युएल सेलच येणारा माणूस अशा वेळी अडकतो. पाइप, दाब आणि उच्च व्होल्टेज येणाऱ्याला दुसरीकडे काम मिळते. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनच्या शिक्षणावर काही आठवड्यांची जोड देणे म्हणूनच शहाणपणाचे वाटते. कॅलिफोर्नियात ऑकलंड परिसराच्या एसी ट्रान्झिट या बससेवेने आपल्याच डिझेल मेकॅनिकना फ्युएल सेलच्या बसवर तयार केले.

पुण्यात केपीआयटी या कंपनीने आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ऑगस्ट 2022 मध्ये हायड्रोजनची बस दाखवली. पुढे कोचीन शिपयार्डने केपीआयटीच्या साथीने पन्नास प्रवाशांची फ्युएल सेल बोट बांधली. 28 फेब्रुवारी 2024 रोजी तिला हिरवा झेंडा दाखवला गेला आणि ती वाराणसीच्या गंगेसाठी गेली. बोट रोज धावायची तर तिचा स्टॅक उघडू शकणारा माणूस घाटाजवळच राहणारा हवा. दर बिघाडाला पुण्याहून किंवा कोचीहून माणूस बोलावून फेऱ्यांचे वेळापत्रक टिकत नाही.