एअरगनच्या खोक्यावरचा वेग आणि छर्ऱ्याचं खरं काम

गेल्या महिन्यात गावाकडून मामेभावाचा फोन आला. "दादा, ऑनलाइन एअरगन बघितलीय. 1200 फूट प्रति सेकंद! पेरूच्या बागेत पोपट लय त्रास देतात. घेऊ का?" मी नाही म्हणालो. कायदा हे पहिलं कारण. पण त्या 1200 च्या आकड्यातही गोम आहे, ती आज समजून घेऊया.

उदाहरण इंग्लंडचं घेऊ. तिथे पिकं खाणारे ससे आणि रानकबुतरं नियमांच्या चौकटीत राहून एअर रायफलने मारतात. बंदुकीचा परवाना नसेल तर रायफलची ऊर्जा 12 फूट-पाउंड, म्हणजे साधारण 16 ज्यूलच्या आत हवी. ऊर्जेला मर्यादा असल्यामुळे सगळा खेळ छर्ऱ्यावर येतो.

वजन की वेग?

शाळेतलं सूत्र आठवा: ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. 16 ज्यूलमध्ये 0.177 इंची, 0.55 ग्रॅमचा छर्रा सुमारे 240 मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. 0.22 इंची, 1.03 ग्रॅमचा सुमारे 176 ने. हवेचा अडथळा सोडून दिला, तरी 30 मीटरवर पहिला साडेसात सेंटिमीटर खाली येतो आणि दुसरा 14. जड छर्रा मोठं छिद्र पाडतो, पण अंतराचा अंदाज चुकला की तो जास्त चुकतो.

आकार

छर्रा कमरेत बारीक आणि मागे पोकळ असतो. मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून नळीतल्या आट्यांना घट्ट बसतो. उडताना तोच घेर बॅडमिंटनच्या फुलासारखा छर्ऱ्याला सरळ ठेवतो. चपट्या डोक्याचा छर्रा कागदी निशाण्यावर गोल, स्वच्छ भोक पाडतो, पण लांबवर त्याचा वेग लवकर पडतो. गोल डोक्याचा वेग जास्त टिकवतो. टोकाला खड्डा असलेला छर्रा आत जाऊन उमलावा अशी अपेक्षा असते, पण एवढ्या कमी वेगात तो बऱ्याचदा नीट उमलतच नाही.

मग 1200 चं काय?

हा आकडा बहुतेक वेळा हलक्या, शिसं नसलेल्या छर्ऱ्याने काढलेला असतो. हलका छर्रा हवेत वेग पटकन गमावतो. शिवाय 1200 फूट म्हणजे 366 मीटर, ध्वनीपेक्षा जास्त. तो ध्वनीच्या वेगाखाली येताना डगमगतो आणि नेम बिघडतो. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून फोन घेण्यासारखंच आहे हे.

नेम बिघडण्याची किंमत प्राणी मोजतो. सशाच्या डोक्यात अचूक जागा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची. ती चुकली तर ससा मरत नाही, जखमी होऊन बिळात तडफडतो. म्हणून तिथले जाणकार एकाच रायफलमधून वेगवेगळे छर्रे कागदावर झाडून बघतात, आणि ज्याची भोकं सर्वात जवळजवळ पडतात तोच निवडतात.

आपल्याकडे मात्र हा प्रश्नच येत नाही. पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. भावाला सांगितलं, तेच पैसे जाळीत आणि फळांना घालायच्या पिशव्यांत घाल. तो थोडा हिरमुसला. पण जाळीचे दर विचारायला परत त्याचाच फोन आला.