ग्रहण न लागलेले कान

बाळाचा एक कान शेंगदाण्याएवढा निघाला, की पहिला प्रश्न डॉक्टरांना नाही, बाळंतिणीला विचारला जातो : "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" डोंबिवलीच्या सोसायटीत काय आणि कल्याणजवळच्या खेड्यात काय, हा प्रश्न सारखाच. विळीला हात न लावता, पाय पसरून ग्रहण पाळलेल्या बाईलाही तो चुकत नाही.

खरं तर कान घडू लागतो तो गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात. दिवस गेल्याचं तेव्हा कित्येकींना जेमतेम कळलेलं असतं. मानेच्या जागी सहा बारीक उंचवटे उगवतात, एकमेकांत मिसळतात आणि हळूहळू वर सरकत डोळ्यांच्या रेषेला येतात. ही घडण मध्येच खुंटली, की कान अर्धवट राहतो. विळी निर्दोष आहे.

अशा खुरट्या कानाला मायक्रोशिया म्हणतात. साधारण सहा ते बारा हजार जन्मांमागे एक. मुलग्यांत जास्त, उजव्या बाजूला जास्त. बहुतेकदा कानाचं भोकही बंद असतं. मात्र आतला शंखासारखा भाग वेगळ्या पेशींतून घडतो, त्यामुळे तो सहसा शाबूत राहतो. म्हणजे ऐकणारं यंत्र ठीक, आवाजाचा रस्ता तेवढा बंद. कवटीच्या हाडातून कंपनं पोचवणारं श्रवणयंत्र इलॅस्टिकच्या पट्ट्यावर बसवून अगदी तान्ह्या बाळालाही देता येतं. घरचे मात्र "मुलगी आहे, दिसायचं कसं?" यातच अडकतात. माझं भांडण इथेच आहे. दिसण्याला दहा वर्षं थांबता येतं, बोलायला शिकणाऱ्या मेंदूला दहा महिनेही थांबता येत नाही. एकच कान खुरटा असला तरी दुसरा नीट ऐकतो ना, हे आधी तपासायला हवं.

दिसण्यासाठी थांबायचं ते बरगड्यांसाठी. नवा कान कोरायला छातीच्या सहाव्या ते आठव्या बरगडीची कूर्चा लागते आणि ती पुरेशी व्हायला मूल आठ-दहा वर्षांचं व्हावं लागतं. अमेरिकी सर्जन रॅडफोर्ड टॅन्झर यांनी 1959 मध्ये या पद्धतीची घडी बसवली. पुढे जपानच्या नागाता यांनी ती दोन टप्प्यांत आणली. आधी कोरलेला सांगाडा कातडीखाली ठेवायचा, काही महिन्यांनी तो डोक्यापासून उचलून मागे टेकू द्यायचा. काम सर्जनचं, हात मूर्तिकाराचा. तोवर जन्मतः असलेला मांसाचा बोंडा "वाईट दिसतो" म्हणून कापून टाकू नये. त्यातूनच पुढे पाळी बनते.

याउलट नुसते दुमडलेले, टोकदार किंवा चेपलेले कान. तिथे घाई हवी. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे नवजात बाळाची कूर्चा काही दिवस मऊ असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांनी साचा बसवला तर सुरी न लावता कान वळणावर येतो. काही आपोआप उलगडतात, पण कुठले, हे घरी चिकटपट्टी लावून ठरवू नये.

सुपासारखे कान गणपतीला शोभतात, शूर्पकर्ण म्हणून आपण त्याला हातही जोडतो; वर्गातल्या पोराला मात्र टपल्या मिळतात. इथे कानाची आतली घडी पडलेली नसते. कान पाच-सहा वर्षांत जवळजवळ पूर्ण वाढतो, त्यानंतर कानामागून छेद घेऊन, कूर्चेत टाके घालून ती घडी पाडता येते. मूल स्वतः त्रासलेलं नसेल, तर मी म्हणेन राहू द्या.

जन्मतः उत्तम असलेले कान आपण बिघडवतो, तो प्रकार वेगळाच. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या आवरणातून होतं. भिवंडी-कल्याणकडच्या जत्रांत कुस्त्यांचे फड लागतात. पैलवानाचा कान घासून, चुरगळून आवरणाखाली रक्त साचतं, कूर्चा उपाशी मरते आणि कान फुलकोबीसारखा गोळा होतो. पहिल्या काही दिवसांत रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. पण तालमीत तो गोळा मिरवायचा असतो! बुगडीच्या जागी कूर्चेत भोक पाडून घेणाऱ्या कॉलेजकन्यांचं दुखणं त्याच जातीचं : जंतू शिरले तर कूर्चाच विरघळते. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण पाळायची, तर सोनाराची सुईही निर्जंतुक हवी.

जड झुब्यांनी ओघळत दुभंगलेली पाळी ही जुनीच तक्रार. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार आहेत, गालाची कातडी वापरण्याचाही. आज ती जागा बधिर करून तासाभरात शिवली जाते. नवं भोक दोन-तीन महिन्यांनी, व्रणाच्या शेजारी पाडायचं, व्रणावर नाही.

शेवटी पुन्हा बाळाच्या ऐकण्याकडे. 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे आणि उपचार मोफत आहेत. अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात त्याची चौकशी करा, आणि बाळाची पहिली चाचणी ऐकण्याचीच मागा.