पाण्याची वाट आणि घराची डागडुजी

'घर पाहावे बांधून' अशी मराठीत एक म्हण आहे. घर बांधण्यासाठी किती कष्ट पडतात आणि किती पैसा लागतो, हे बांधणाऱ्यालाच कळते. पण घर बांधून झाले म्हणजे काम संपले, असे नाही. ऊन, वारा आणि पाऊस यांना तोंड देत घर वर्षानुवर्षे उभे असते. त्याची दरवर्षी थोडी थोडी झीज होते. ही झीज वेळच्या वेळी भरून काढणे म्हणजे घराची डागडुजी. उर्दूत आपण जिला 'मरम्मत' म्हणतो, तिला मराठीत डागडुजी, दुरुस्ती किंवा मरामतही म्हणतात. दुरुस्ती, दरवाजा, जमीन आणि बाग हे शब्द तर फारसीतून उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. म्हणून या पाठातले बरेच शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील.

समजा, एका घरातल्या भिंतीवर ओलीचा डाग पडला आहे. ईद जवळ आली की घरातले लोक त्या भिंतीला चुना लावतात. भिंत पांढरीशुभ्र दिसते. पाहुणे येतात, कौतुक करतात. पण पावसाळा सुरू होताच तो डाग पुन्हा वर येतो. पुढच्या वर्षी तो आणखी मोठा होतो. काही वर्षांनी गिलावा फुगतो आणि त्याचे पोपडे पडू लागतात. चुन्यावर दरवर्षी खर्च होतो, पण भिंत काही सुधारत नाही. असे का होते? कारण घरातले लोक डाग झाकतात, पाणी कोठून येते ते शोधत नाहीत. ताप आलेल्या माणसाचे कपाळ नुसते पुसून ताप उतरत नाही. घराचेही तसेच आहे.

आपल्या प्रदेशात घराचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. म्हणून डागडुजी करताना पहिला नियम हा की, आधी पाण्याची वाट शोधावी, मग दुरुस्तीला हात घालावा. पाणी घरात चार वाटांनी शिरते. पहिली वाट वरून, म्हणजे छपरातून किंवा गच्चीतून. दुसरी बाजूने, म्हणजे भिंतीच्या भेगांतून. तिसरी खालून, म्हणजे जमिनीतून. चौथी घराच्या आतूनच, म्हणजे फुटलेल्या नळातून किंवा मोरीतून.

यांपैकी नेमकी कोणती वाट आहे, हे कसे ओळखावे? नीट निरीक्षण केले तर तुम्हीसुद्धा हे ओळखू शकाल. डाग फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर छप्पर किंवा बाहेरची भिंत तपासावी. डाग बाराही महिने ओला राहत असेल, तर पाण्याचा पाइप किंवा मोरी तपासावी. ओल जमिनीपासून सुरू होऊन गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चढली असेल, तर पाणी बहुधा खालून येत आहे. पाइपविषयी शंका असेल, तर एक सोपी परीक्षा करता येते. घरातले सगळे नळ बंद करावेत. टाकीत येणारे पाणीही बंद करावे. टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि दोन तासांनी पाहावे. पाणी खुणेच्या खाली गेले असेल, तर कोठे तरी गळती आहे हे नक्की.

आता वरच्या वाटेचा विचार करू. केरळात मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनच्या सुमारास येतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुंबई व कोकणात पोहोचतो. म्हणून छपराचे काम मे महिन्यातच उरकावे लागते. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. कोकणातल्या अनेक घरांवर मंगळुरी कौले असतात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे या कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. एका कौलाची कड दुसऱ्या कौलाच्या खाचेत बसते, त्यामुळे पाणी आत न येता खाली वाहून जाते. पण माकडांनी उड्या मारल्या किंवा वाऱ्याने फांदी पडली, तर कौल सरकते किंवा फुटते. म्हणून दरवर्षी पावसाआधी कौले चाळतात. फुटकी कौले काढून नवी घालतात. वासे आणि रिपा वाळवीने पोखरल्या आहेत का, तेही पाहतात.

पत्र्याचे छप्पर उन्हात प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावते. हे रोज होत राहिल्याने खिळे आणि स्क्रू सैल होतात व त्यांच्याभोवती भोके पडतात. सिमेंटच्या गच्चीवर मात्र बहुतेक वेळा दोष कचऱ्याचा असतो. पाला आणि माती साचून पाणी जाण्याची भोके बुजतात. मग गच्चीवर पाणी साचते आणि बारीक भेगांतून खाली झिरपते. ते स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचले की सळ्यांना गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून टाकते. छताचे तुकडे पडतात, ते यामुळेच. मूठभर पाला वेळेवर काढला नाही, तर घरातल्या माणसांच्या डोक्यावर छत पडण्याची वेळ येऊ शकते.

खालून येणारे पाणी कसे चढते? दिव्याची वात तेल वर ओढते, तशीच वीट जमिनीतले पाणी वर ओढते. या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. भिंतीतले पाणी हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भिंतीवर पांढरी भुकटी दिसू लागते. याला 'लोणा लागणे' म्हणतात. अशा भिंतीवर नुसता रंग टिकत नाही. आधी जोत्याला टेकलेला मातीचा ढीग दूर करावा. भिंतीला लागून वाफे करू नयेत. अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवावा. भिंत नीट सुकली, मगच गिलाव्याचे काम काढावे.

गिलाव्याची लहानशी दुरुस्ती घरच्या घरी करता येते. सैल झालेला भाग खरवडून काढावा, जागा स्वच्छ करून ओली करावी. एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली वाळू आधी कोरडीच मिसळावी. मग त्यात बेताचे पाणी घालावे. हा माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. पुष्कळांना वाटते की, सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होते. तसे नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, म्हणून ते घट्ट होते. त्यामुळे नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. पाणी न मारलेला गिलावा लवकर तडकतो. चुन्याचीही गंमत आहे. भिंतीला लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. मात्र चुनकळीवर पाणी ओतले की ती उकळू लागते आणि तिचे शिंतोडे डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते. म्हणून चुना विझवण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे.

गळक्या नळाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण येथे हिशेबाने पटते. नळाखाली दहा मिनिटे भांडे ठेवा. समजा, त्यात १०० मिलिलिटर पाणी जमले. म्हणजे तासाला ६०० मिलिलिटर, दिवसाला १४.४ लिटर आणि वर्षाला ५,२५६ लिटर पाणी वाया जाते! बऱ्याचदा दोष फक्त एका झिजलेल्या वायसरचा असतो. पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ उघडावा, जुना वायसर काढावा आणि त्याच मापाचा नवा बसवावा. काम थोड्या वेळाचे आणि खर्चही किरकोळ.

घराबरोबर अंगणाचीही काळजी घ्यायला हवी. भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते आणि रोप उगवते. ते लहान असतानाच मुळासकट काढावे. मोठे झाले तर त्याची मुळे भिंत फोडतात. मोरीचे पाणी गल्लीत सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात सोडावे. घराच्या पायापासून आणि विहिरीपासून दूर, एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा खणावा. त्यात तळाशी मोठे दगड, मग लहान दगड आणि वर खडी भरावी. पाणी जमिनीत मुरते आणि दारात चिखल होत नाही. तेच पाणी अळू आणि केळीलाही देता येते. कुंपणाला मेंदी लावली, तर कुंपणही होते आणि ईदला हात रंगवायला पानेही मिळतात. जुने टायर, फुटके डबे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या यांत मात्र पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा डास अशाच पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी केली, तर डास तयार होण्याआधीच नाहीसा होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण काय करावे हे जसे कळले पाहिजे, तसेच काय करू नये हेही कळले पाहिजे. कौलांवर आणि सिमेंटच्या पत्र्यांवर मुलांनी कधीही चढू नये. ते पायाखाली फुटतात. शिडी चार हात उंच टेकवायची असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा आणि खाली कोणी तरी ती धरून उभे असावे. घरातली वीज २३० व्होल्टची असते. तेवढी जीव घ्यायला पुरेशी आहे. ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावू नये. विजेचे काम परवानाधारक वायरमनलाच द्यावे. भिंतीला भेग पडली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेच्या पुढे गेली, तर घर हलते आहे असे समजून ताबडतोब इंजिनिअरला दाखवावे. तेथे गिलाव्याचा लेप कामाचा नाही.

मुलांनो, तुम्ही सारेच काही कौलारू घरात राहत नसाल. कोणी चाळीत राहत असेल, कोणी भाड्याच्या खोलीत, तर कोणी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. पण ओल, गळती आणि भेगा सगळीकडे सारख्याच असतात. एक वही करा. तिच्या पहिल्या पानावर पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मेन स्विच कोठे आहे, ते लिहा. पुढे प्रत्येक डागाची जागा, तो पहिल्यांदा दिसल्याची तारीख, केलेली दुरुस्ती आणि झालेला खर्च लिहीत जा. मिस्त्री घरी आले की ती वही अब्बा-अम्मींच्या हातात द्या आणि आदराने विचारा, "चाचा, रंग देण्यापूर्वी ही ओल कोठून येते, ते पाहू या का?" चांगल्या कारागिराला हा प्रश्न नक्की आवडेल. कारण घर टिकवण्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते.